पीळ काढलेलं धनुष्य

लाकडी धनुष्याबद्दल वाचायला जावं तर सगळीकडे युरोपातलं यू नाहीतर अमेरिकेतलं ओसेज ऑरेंज. ही दोन्ही लाकडं आपल्याकडे कुठून मिळणार? मी केलंय धामणीच्या झाडाचं. संस्कृतात हिला धनुर्वृक्षच म्हणतात, आणि कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी गावाकडे अजूनही धामणच शोधतात, कारण ती वाकते पण पटकन मोडत नाही. मुळशीकडे ओळखीच्यांच्या बांधावरची धामण पावसाळ्यात उन्मळून पडली होती. तिचा सरळ दिसणारा बुंधा मागून आणला आणि पाचरी ठोकून उभा फोडला.

करवतीने कापला असता तर फळी सरळ निघाली असती, पण रेषे मधेच तुटले असते, आणि धनुष्य नेमकं तिथेच मोडतं. फोडलं की लाकूड आपल्या रेषेनं फुटतं. माझ्या तुकड्याची रेष मात्र झाडावरच पिळलेली होती. मुठीपासून खालच्या टोकापर्यंत जाताना पृष्ठभाग चांगला वीसेक अंशांनी फिरत होता.

फोडायला मदत करणारे सुतार तात्या म्हणाले, "ह्यो कुऱ्हाडीला दे. सुंभ जळंल, पीळ न्हाई जायाचा."

"तात्या, मला जाळूनच बघायचंय."

"बघ बाबा," म्हणाले आणि तंबाखू मळायला बसले.

जाळण्याआधी पीळ नक्की कशाचा आहे ते कळायला हवं. लाकडाचा स्वतःचा पीळ ही एक गोष्ट. दोरी मधून न जाता एका अंगाने जात असेल तर ती टोकाला मुरगळते, ही दुसरी. आणि पात्याची, म्हणजे मुठीच्या वरच्या किंवा खालच्या वाकणाऱ्या भागाची, एक कड दुसरीपेक्षा जाड राहिली तर ओढताना पातं कलतं, ही तिसरी. तिन्ही लांबून सारखीच दिसतात, उपाय मात्र वेगवेगळे. पहिलीला उष्णता लागते, बाकी दोघींना फक्त कानस आणि धीर. हौशी मंडळी तिन्हींवर हीट गनच (गरम हवेचा झोत मारणारं यंत्र) चालवतात, म्हणून हे आधी सांगितलं.

पीळ मोजायची सुतारांची जुनी पद्धत आहे. दोन सरळ पट्ट्या घ्यायच्या (मी पडद्याच्या अ‍ॅल्युमिनियम चॅनलचे तुकडे घेतले), एक मुठीवर आडवी, एक टोकाजवळ, आणि एक डोळा मिटून दोघींच्या कडा जुळतात का ते पाहायचं. पट्ट्या लांब घ्याव्यात, म्हणजे बारीक फरकही मोठा दिसतो. मधल्या जागांवरही पट्टी सरकवत पाहिलं तेव्हा कळलं, की पीळ एका जागी नसून अख्ख्या खालच्या पात्यात वाटला गेलाय. हे बरं असतं. एकाच गाठीशी गोळा झालेला पीळ काढताना तिथले रेषे फाटायची भीती असते.

ओलं लाकूड असेल तर वाफ चांगली, जाडीच्या इंचाला साधारण तासभर. माझा तुकडा माळ्यावर सुकून वजन घटायचं थांबलेला होता, म्हणून कोरडी उष्णता घेतली. पण आधी पातं तासून जवळजवळ शेवटच्या जाडीला आणलं. जाड लाकूड पिळायला जाम जोर लागतो, आणि गरम आतपर्यंत पोचतही नाही. टोकं मात्र रुंद ठेवली. ती का, ते पुढे येईलच.

मूठ शिकंज्यात, मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा. टोकाजवळ दोन लाकडी पट्ट्यांमध्ये पातं आवळून त्यांचा एक आडवा दांडा केला आणि दांड्याच्या टोकाला पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांगला. हाताने पिळायचं म्हटलं तर आपण घाई करतो, कॅन करत नाही. पात्याच्या पोटाला, म्हणजे धनुर्धराकडच्या अंगाला, शेंगदाण्याचं तेल चोपडलं, म्हणजे लाकूड करपत नाही. मग हीट गन चार बोटं लांब धरून सावकाश पुढे-मागे. पाठीला, म्हणजे पलीकडच्या अंगाला, थेट उष्णता द्यायची नाही. ओढताना ताण पाठीवर येतो, ती ठिसूळ झाली की संपलं.

बराच वेळ काहीच होत नाही. तेल चुळचुळतं, भाजल्या शेंगांचा वास सुटतो, कॅन जिथल्या तिथे. मागच्या बाजूला हात लावून बघत राहायचं. पाठ हाताला सोसवेना, म्हणजे गरम आरपार गेलं. तेवढ्यात कॅन हलला. आवाज नाही, तडकणं नाही, नुसता हळूहळू खाली उतरू लागला. लाकडातले रेषे चिकटवून धरणारं लिग्निन मऊ पडलं की रेषे एकमेकांवरून सरकतात, ते असं डोळ्यांनी दिसतं. पट्ट्या जुळल्या तरी थांबलो नाही, थोडं पलीकडे जाऊ दिलं, कारण सोडल्यावर लाकूड काही अंश परत फिरतंच. रात्रभर तसंच आवळून ठेवलं.

त्यानंतर धनुष्य वाकवायचं नाही. उष्णतेनं लाकूड फार कोरडं होतं, आणि कोरडं लाकूड काडीसारखं मोडतं. हवेतला ओलावा परत शोषू द्यायचा, निदान आठवडाभर तरी. पुण्यातल्या एप्रिलात त्याहून जास्त थांबावं.

दोरी चढवली तेव्हा ती मुठीच्या मधोमध न जाता उजवीकडे पडली. आता ती रुंद टोकं कामी आली. दोरी अडकवायच्या खाचांची जागा डावीकडे सरकवायला लाकूड शिल्लक होतं, म्हणून उजव्या अंगाने तासून टोकच नव्या मध्यावर आणलं. ज्यांनी टोकं आधीच अर्ध्या इंचावर आणलेली असतात त्यांना हा मार्ग उरत नाही.

अर्ध्यापर्यंत ओढल्यावर खालचं पातं तरीही किंचित कलायचं. ही तिसरी तऱ्हा. पातं ज्या कडेकडे कलतं ती कमजोर, म्हणून लाकूड काढायचं ते समोरच्या ताठ कडेचं. कॅलिपरने पाहिलं तर एक कड १० मिलिमीटर आणि दुसरी साडेनऊ. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे तेवढ्यानं सुमारे १४ टक्के फरक. इथे रंधा चालवू नये. काचेच्या तुकड्यानं चार हात खरवडायचं, दोरी पंधरावीस वेळा हलकी ओढायची आणि मग बघायचं. लाकडाला बदल समजायला वेळ लागतो.

आता थोडा पीळ उरलाय, अंदाजे चारपाच अंश. तो काढणार नाही. ओढताना वाढत नाही, दोरी जागा सोडत नाही, मग त्याला पुन्हा भाजायचं कशाला? दोरी मुठीच्या मध्यापासून एका बाजूला केसभर सरकलेली आहे, आणि मूठ अजून घडवलेली नसल्यानं कुठलं पातं वर ठेवायचं ते माझ्याच हातात होतं. धनुष्य उलटं केलं की दोरीची बाजूही बदलते. मी उजव्या हाताने ओढतो, बाण मुठीच्या डावीकडून जातो, म्हणून दोरी डावीकडे येईल असं पातं वर घेतलं. त्यामुळे बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागतं ते थोडं कमी होतं. मूठ आता तशीच घडवतोय.