इंजिन माउंट परत रंगवताना

आरव्ही-६ चं (घरी बांधता येणारं छोटं दोन आसनी विमान) इंजिन उतरवलंच आहे तर माउंट पण साफ करून घेऊ असं ठरवलं. हे माउंट म्हणजे ४१३० क्रोमोली स्टीलच्या पातळ नळ्यांची वेल्डिंग केलेली चौकट, पुढे लायकमिंग ओ-३२० इंजिनाचं सगळं वजन, मागे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली आगरोधक भिंत. नळ्या पातळ असल्यामुळे गंजाचा छोटा खड्डा पण महागात पडतो, आणि सगळ्यात जास्त गंज सापडतो तो क्लॅम्पखाली, कारण तिथे वायर किंवा होस हलत राहते, रंग घासला जातो आणि ओल अडकून बसते. म्हणून आधी सगळे क्लॅम्प काढा, मगच बघायला बसा.

रंग काढल्यावर प्रत्येक जोडावर डाय पेनेट्रंट (बारीक भेगेत शिरून ती दाखवणारा रंगद्रव) मारून भिंगातून बघायचं, क्रॅक बहुतेक वेल्डच्या कडेलाच निघतात. यात घाई अजिबात करू नका, मागे तुमचंच माणूस बसणार आहे. क्रॅक सापडला तर स्वतः वेल्डिंग करू नका, जाणकाराकडेच द्या.

पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) दिसायला भारी, पण जाड थराखाली क्रॅक लपू शकतो, त्यामुळे मी एपॉक्सी प्रायमर आणि वर पांढरा रंग घेतला, पांढऱ्यावर गंजाची तांबूस रेघ लगेच दिसते. बोल्ट बसतात त्या जागांवर मात्र रंगाचा जाड थर नको, तो नंतर दबतो आणि बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळलेला ताण, सुटतो.

रबर आयसोलेटर, म्हणजे इंजिन आणि माउंटमधले कंपन शोषणारे रबरी तुकडे, मी नवीनच टाकले. जुने दबले की इंजिनाचं नाक खाली येतं, स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोपी) आणि काउलिंगमधली (इंजिनाचं झाकण) फट वरून-खालून सारखी राहत नाही, ते नुसत्या डोळ्यांनी पण कळतं.