मागच्या काचेचे रबर बदलायलाच हवे का?

आमची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी पाहिली, की जुन्या गाड्या बाळगणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात: मागच्या काचेतून पाणी झिरपत असेल, तर रबर बदलण्याचा एवढा खटाटोप कशाला, सिलिकॉनची एक रेघ मारून भागत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. भागत नाही, आणि ते का भागत नाही हे मलाही काच उतरवेपर्यंत नीट कळले नव्हते.

आम्ही चिपळूणला राहतो, त्यामुळे गाडी कुठे गळते हे जूनच्या पहिल्या आठवड्यातच समजते. मागच्या सीटमागची फळी ओली, गाडीत कुबट वास आणि डिकीच्या तळाशी पाणी, असे तीन पावसाळे गेले. त्या काळात दोनदा गॅरेजमध्ये बाहेरून सिलिकॉन भरून घेतले. उन्हाने रबर कडक होते, आखडते आणि कोपऱ्यांत पत्र्यापासून सुटते, हे खरे दुखणे. वरून सिलिकॉन मारल्यावर एक फट बुजते, परंतु दुसरीकडून आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ते रबराच्या खाचेत पत्र्याच्या कडेवर साचून राहते. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून सुकताना ॲसेटिक आम्ल सुटते. रंग उडालेल्या पत्र्यावर ते लावणे म्हणजे गंजाला आमंत्रणच.

काच काढताना स्क्रू-ड्रायव्हरने रबर उचकटू नये. मागची काच टफन केलेली असते आणि तिच्या कडेला लहानसा टोला बसला तरी तिचा क्षणात चुरा होतो. जुने रबर वाचवायचे नव्हतेच, म्हणून मी त्याची बाहेरची कड ब्लेडने सगळीकडून कापली, पुतणीला बाहेर काच धरायला उभे केले आणि आतून दोन्ही तळव्यांनी वरच्या कोपऱ्यापासून हळूहळू दाब दिला. काच सुटली. खालच्या डाव्या कोपऱ्यातले रबर ओढले, तेव्हा त्याच्याबरोबर गंजाचे तपकिरी पापुद्रे निघून आले आणि मागे करंगळीच्या नखाएवढे भोक राहिले. त्या भोकातून डिकीत ठेवलेली जॅकची मूठ दिसत होती. त्याच्या वर सिलिकॉनचे दोन्ही थर मात्र अगदी शाबूत होते.

डेंटरकडून तेथे पत्र्याचा तुकडा जोडून घेतला आणि जोड घासून पूर्ववत पातळ करण्याचा आग्रह धरला, कारण कड जाड राहिली किंवा तिच्यावर पुटीचा उंचवटा राहिला, तर रबराची खाच तिच्यावर नीट बसत नाही. बाकीची कड वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने घासून, प्राइमर आणि रंग देऊन आठवडाभर सुकू दिली. या आठवड्याची घाई कृपया कोणीही करू नका.

नवे रबर मुंबईत ऑपेरा हाउस भागातून आणले. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतून गेल्या. त्यामुळे या गाडीचे सुटे भाग शोधणे आता सोपे राहिलेले नाही. जाताना जुन्या रबराचा दोन इंचांचा तुकडा न्यावा आणि दोन्ही खाचांची, म्हणजे काच बसते तिची आणि पत्र्याची कड बसते तिची, रुंदी जुळवून पाहावी. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले रबरही कडक झालेले असते, म्हणून ते दुमडून बारीक भेगा पडतात का हे तपासावे.

बसवण्याची रीत दोरीची. रबर आधी काचेवर चढवायचे, पत्र्यात बसणाऱ्या खाचेत नायलॉनची गुळगुळीत दोरी सगळीकडे भरायची आणि तिची दोन्ही टोके खाली मध्यावर एकमेकांवर वीतभर चढवून आत सोडायची. रबराला साबणाचे पाणी लावायचे. तेल किंवा ग्रीस लावल्यास रबर फुगून खराब होण्याचा धोका असतो. मग एकाने बाहेरून काच जागेवर धरून तळव्याने दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी सावकाश ओढत जायची, म्हणजे दोरी निघेल तशी रबराची आतली कड पत्र्यावर उलटून बसते. कोपऱ्याशी आले की थांबावे, बाहेरच्या हाताला नेमक्या त्याच जागी आणावे आणि मगच पुढे जावे. पुतणीच्या हाताचा दाब सरावाने इतका अचूक झाला, की शेवटचा कोपरा पहिल्याच ओढीत बसला.

पाण्याची परीक्षा खालून वर घ्यावी. वरून शिरलेले पाणी रबरातून वाहत भलतीकडेच टपकते आणि गळतीची खरी जागा सापडत नाही. आम्ही फळीवर वर्तमानपत्र पसरले आणि नळी खालच्या कडेपासून हळूहळू वर नेली. वरच्या उजव्या कोपऱ्याशी कागदावर रुपयाएवढा ओला डाग पडला. तेथे रबराची कड आतल्या आत दुमडली होती. लाकडी चपट्या पट्टीने ती सरळ केली, कागद बदलला आणि पुन्हा पाव तास पाणी सोडले. कागद कोरडा राहिला.