बढाई मारायची पण हळू

आयरिश जाहिराती स्वतःचीच खिल्ली उडवून माल विकतात, अमेरिकन जाहिराती विनोदातही माल पुढेच ठेवतात. गिनेस बिअरची 1994 ची आयरिश जाहिरात बघितलीय का? नसेल तर यूट्यूबवर शोधा, एक मिनिटाचं काम आहे. पबमध्ये एक माणूस गिनेस मागवतो, बारवाला ग्लास पाऊणएक भरतो आणि फेस बसायला तसाच ठेवून देतो, कारण गिनेस नीट भरायची तर जवळजवळ दोन मिनिटं जातात (कंपनी तर 119.5 सेकंद असा आकडाच सांगते!), आणि तोवर हा पठ्ठ्या काय करतो तर त्या ग्लासभोवती नाचतो. हातपाय कुठेही फेकत, कसलीतरी तोंडं करत, आणि बारवाला ढिम्म. चव कशी, घेतली कुठे जाते, एक शब्द नाही. बिअर यायला वेळ लागतो ही खरं तर तक्रार, त्यांनी तिचीच गंमत करून टाकली.

आता अमेरिकेतली घ्या. 2010 च्या सुपर बाउलमधली, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलमधली, स्निकर्सची. पोरं फुटबॉल खेळतायत, त्यात 88 वर्षांच्या अभिनेत्री बेटी व्हाइट, म्हणजे भुकेने आजीबाई झालेला एक पोरगा, त्यांना कोणीतरी धाडकन चिखलात आडवं करतं. मग मैत्रीण स्निकर्स देते, एक घास, आणि आजीचा परत तरणाताठा पोरगा होतो. मी खूप हसलो, खोटं कशाला बोलू. पण विनोदाचा सांगाडा बघा ना, दुखणं, गोळी, गुण आला! हिरो शेवटी चॉकलेटच. त्यांचंही चूक नाही म्हणा, सुपर बाउलमधल्या 30 सेकंदांचा भाव 2025 मध्ये 80 लाख डॉलरपर्यंत गेला होता, एवढे मोजून माल कोपऱ्यात कोण ठेवेल. क्लॉड हॉपकिन्स या जुन्या अमेरिकन जाहिरातवाल्याने तर 1923 मध्येच लिहून ठेवलं होतं की विदूषकाकडून लोक माल घेत नाहीत, आणि मला वाटतं ती धास्ती अजून गेलेली नाही.

कोणी म्हणेल स्वतःवर हसणारी फोक्सवॅगनची 1960 ची ‘लेमन’ जाहिरात अमेरिकेतच झाली की. झाली, आणि भारीच आहे. गाडीचा फोटो आणि खाली लिहिलंय ‘लेमन’, म्हणजे डबडा माल. पण पुढचं वाचलं की कळतं, एका पट्टीवर डाग दिसला म्हणून ती गाडी त्यांनीच बाजूला काढली. इंटरव्ह्यूत वीकनेस विचारला की ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ म्हणतात ना, तसलं.

आयर्लंड म्हणजे जेमतेम पन्नासेक लाखांचा देश, तिथे कोणी छाती फुगवली की ओळखीचाच कोणीतरी टाचणी घेऊन येणार, मग कंपनीने आधीच स्वतःची खेचून घेतलेली बरी. टायटो हे तिकडचे घराघरातले वेफर्स, त्यांचा लाल कोटवाला बटाटा 2007 च्या निवडणुकीत उमेदवार म्हणून पोस्टरवर झळकला आणि 2009 मध्ये त्याचं आत्मचरित्रही आलं. बटाट्याचं!! कुरकुरीतपणाबद्दल कोण बोलतंय.

आणि रायनएअर, तिकडची स्वस्तातली विमानकंपनी. 2009 मध्ये यांचे बॉस मायकल ओलिअरी म्हणाले विमानातल्या टॉयलेटला पैसे लावायचा विचार आहे, जगभर बोंब झाली, प्रसिद्धी फुकटात. आता खिडकीच्या सीटला खिडकीच नाही म्हणून कोणी ट्विटरवर रडलं तर ते उलट त्याचीच टिंगल करतात. लोक फॉरवर्ड करतात, हसतात, आणि प्रत्येक वेळी डोक्यात जातं काय तर हे लोक चिंगूस आहेत म्हणजे तिकीट स्वस्तच असणार. बढाईच ही, फक्त दाराने न येता मोरीतून आलेली. हसून झालं की बॅगेचे पैसे वेगळे भरायचेच.