पेंटियम थ्रीवर डेबियन

शुक्रवार, रात्र

भंगारात निघालेला, पेंटियम थ्री प्रोसेसरचा जुना संगणक अखेर घरी आला; त्यावर डेबियन हे लिनक्स टाकायचंय. कॅबिनेट उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला. ब्रशने तो काढला आणि टॉर्च घेऊन मदरबोर्डवरचे कपॅसिटर एकेक करून पाहिले. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काही वर्षांनी माथ्याशी फुगायचे आणि त्यातून तपकिरी द्रव झिरपायचा. माथ्यावर खाच मुद्दाम पाडलेली असते, फुटायचंच झालं तर तिथे फुटावं म्हणून. इथे सगळे माथे सपाट निघाले. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली होती, ती खरवडून नवी लावली.

बॅटरी मात्र न तपासताच बदलली. सीआर२०३२, घड्याळात असते तशी चपटी, फक्त मोठी. ती संपली की बीआयओएसची (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) तारीख दरवेळी जुन्या सालावर जाऊन बसते. पूर्वी एवढ्याने काही बिघडत नसे. आता बिघडतं, कारण एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित वेब जोडणीची, सर्टिफिकेटं तारीख बघतात आणि डेबियनमध्ये सॉफ्टवेअर टाकणारं एपीटीसुद्धा बघतं. मशीन २००१ सालात असेल तर आजची पॅकेज यादी त्याला ‘अजून वैध नाही’ वाटते. इन्स्टॉल फसलं की लोक डिस्कला नाही तर नेटवर्कला शिव्या घालतात, आणि दोष असतो त्या चपट्या बॅटरीचा.

रॅमच्या दोन स्टिक, मिळून ५१२ एमबी. रॅम तपासणारा मेमटेस्ट लावून झोपते.

शनिवार

मेमटेस्टमध्ये एकही चूक नाही.

कोणतं लिनक्स टाकायचं याचा फार खल केला नाही. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं तेव्हापासून ३२-बिट पीसीसाठी त्यांचा इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही (लिनक्सचा गाभा) नाही. म्हणून डेबियन १२. त्याच्या ३२-बिट आवृत्तीचं नाव अजून आय३८६ आहे, पण खरा ३८६ (इंटेलचा जुना प्रोसेसर) तिच्यावर चालायचा नाही, कमीत कमी आय६८६, म्हणजे त्याच्या पुढच्या पिढ्यांतला प्रोसेसर, लागतो. गंमत अशी की लिनक्स १९९१ मध्ये जन्माला आलं ते ३८६ वरच, आणि २०१३ च्या ३.८ कर्नलमधून ३८६ ला निरोप मिळाला. माझा पेंटियम थ्री आय६८६ मध्ये बसतो. निदान आत्तापुरता.

हे मशीन पेनड्राइव्हवरून बूट होत नाही. बीआयओएसच्या यादीत फ्लॉपी, हार्ड डिस्क, सीडीरॉम एवढंच. ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो, म्हणून नेटइन्स्टची (बाकीचं नेटवरून उतरवणाऱ्या छोट्या इन्स्टॉलरची) आयएसओ फाइल डीव्हीडीवर बर्न केली, तीही कमी स्पीडला. जुन्या ड्राइव्हच्या थकलेल्या लेझरला तशी डिस्क वाचायला सोपी जाते असं माझं मत आहे. पुरावा मागू नये.

डिस्क बदलली. मूळची कुरकुरत होती, तिच्या जागी हाताशी असलेली १६० जीबीची आयडीई (जुन्या रुंद केबलची) डिस्क लावली आणि मागची जंपर ही छोटी खूण मास्टरवर, म्हणजे मुख्य डिस्कच्या जागी, ठेवली. बीआयओएसला ती १३७ जीबीच दिसते. सेक्टरचा (डिस्कवरच्या तुकड्याचा) पत्ता लिहायला २८ बिट आणि प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार तिथेच संपतो. लिनक्स डिस्कचा आकार बीआयओएसला विचारत नाही, थेट डिस्कला विचारतो, त्यामुळे इन्स्टॉलरमध्ये पूर्ण १६० दिसले. ग्रब (बूट करून देणारा प्रोग्राम) मात्र कर्नल उचलायला बीआयओएसवरच अवलंबून असतो. म्हणून बूटचं छोटं पार्टिशन डिस्कच्या अगदी सुरुवातीला केलं. नाहीतर पुढे कधी कर्नल अपडेट होऊन नवी फाइल १३७ च्या पलीकडे पडली तर ग्रबला ती सापडायची नाही, आणि तोवर हे कारण कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

टास्क निवडायच्या पडद्यावर डेस्कटॉपवरची खूण काढली. एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून जोडण्यासाठी) आणि नेहमीची साधनं, बस.

पहिलं बूट पाहण्यासारखं होतं. नव्या मशीनवर कर्नलच्या ओळी डोळ्याला लागतच नाहीत. इथे त्या वाचत वाचत बसता येतं: आधी मेमरीचा नकाशा, मग पीसीआय बसवर (कार्डं जोडायच्या मार्गावर) कोण कोण आहे, मग आयडीईचे दोन चॅनल, मग ८१३९टू हा ड्रायव्हर नेटवर्क कार्ड ओळखतो. रिअलटेक ८१३९, एके काळी ज्या त्या कॅबिनेटमध्ये असायचं. वेगळा ड्रायव्हर शोधावा लागला नाही, कारण तो वर्षानुवर्षं कर्नलमध्येच आहे.

रविवार

एक्स (चित्रमय पडदा देणारी प्रणाली) आणि आइसडब्ल्यूएम (खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्राम) टाकलं. सगळं उघडून झाल्यावरही मेमरी शंभर एमबीच्या आतबाहेर. खिडक्या झटक्यात उघडतात, टर्मिनलमध्ये अक्षर दाबलं की उमटतं. इथवर कुणी म्हटलं असतं की ‘लिनक्स टाका, जुना संगणक नवा होतो’, तर मीही मान डोलावली असती.

मग ब्राउझरची पाळी आली. पेंटियम थ्रीत एसएसई२ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा संच) नाही, ते पेंटियम फोरबरोबर आलं. आजच्या मोठ्या ब्राउझरना ते लागतंच, नसेल तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून जागीच बंद. म्हणजे हळू चालण्याचा प्रश्नच नाही, ते सुरूच होत नाहीत. डब्ल्यू३एम या मजकुरी ब्राउझरवर निव्वळ मजकुराची पानं सुरेख दिसतात, पण लेखाआधी जावास्क्रिप्ट मागणारं पान उघडलं की पांढरा पडदा. या मशीनने ऑपरेटिंग सिस्टिमचं ओझं आरामात उचललं. त्याला जड झाली ती वेबपानं. चार परिच्छेदांच्या बातमीसाठी काही एमबी उतरवायचे, यात दोष प्रोसेसरचा कसा?

तेव्हा इंटरनेट सोडून दिलं आणि लिहायला घेतलं. साध्या कन्सोलवर (एक्स नसलेल्या मजकुरी पडद्यावर) मराठी जमत नाही. त्याच्या फॉन्टमध्ये जेमतेम ५१२ आकृत्या मावतात, आणि जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही. एक्समध्ये माउसपॅड हा एडिटर आणि लोहित फॉन्ट टाकल्यावर ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ऱ्या’ सगळं नीट दिसलं. कीबोर्डसाठी आयबस (मराठी टायपिंगचं वेगळं साधन) लागत नाही, सेटएक्सकेबीमॅप या कमांडने इनस्क्रिप्ट हा कळांचा आराखडा थेट मिळतो आणि तेवढी मेमरी वाचते. त्या जुन्या जांभळ्या पीएस/२ प्लगच्या कीबोर्डची कळ खोल जाते. दोन पानं लिहून झाली, मध्ये एकदाही कसलं नोटिफिकेशन आलं नाही.

फाइली या डिस्कच्या भरवशावर ठेवायच्या नाहीत. रोज बंद करण्याआधी आरसिंक (फाइली जुळवून पाठवणारं साधन) करून लॅपटॉपवर पाठवायच्या ठरवल्या. ओपनएसएसएच (एसएसएच जोडणीचं सॉफ्टवेअर) आजचंच असल्यामुळे लॅपटॉपने कुरकुर न करता की, म्हणजे ओळखीची किल्ली, स्वीकारली. जुनं लिनक्स टाकलं असतं तर इथे जुने सायफर (गुप्तलेखनाच्या पद्धती) चालू करत बसावं लागलं असतं. साउंड कार्ड अजून मुकंच आहे, अल्सामिक्सर या आवाजाच्या साधनात चॅनल म्यूट असावा. उद्या बघते.