केल्मस्कॉटचं छप्पर

स्विंडनहून निघालं की अर्ध्या-पाऊण तासात लेचलेड मागे पडतं, रस्ता एका गाडीपुरता उरतो आणि शेतांच्या कडेला कुंपण म्हणून रोवलेल्या दगडी फरश्या दिसायला लागतात. राखाडी, एकीला एक खेटून उभ्या. केल्मस्कॉट आलं याची ती खूण. थेम्स इथून अगदी जवळ आहे, पण इतकी लहान की लंडनमधली नदी ती हीच, हे पटत नाही.

इथल्या केल्मस्कॉट मॅनरला मी परवा चौथ्यांदा गेले. नावात मॅनर असलं तरी हे सरदाराचं घर नव्हे. 1600 च्या सुमारास टर्नर नावाच्या सधन शेतकरी घराण्यानं ते बांधलं आणि साठ-सत्तर वर्षांनी ईशान्येला नवा भाग जोडला. खिडक्यांचे भाग लाकडानं नाही, दगडाच्याच उभ्या दांड्यांनी पाडलेत. नव्या भागात छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत ज्या खिडक्या आहेत, त्यांच्या डोक्यावर छोटे त्रिकोणी दगडी मुकुट आहेत. दोन पिढ्यांत घरात पैसा आला आणि आवडही बदलली, ते भिंतीवर सरळ दिसतं. भिंती वर जाताना किंचित मागे कललेल्या आहेत. एकदा लक्षात आलं की घर अंग सैल सोडून बसल्यासारखं वाटतं.

दगड चुनखडीचा. जुरासिक काळातल्या उथळ समुद्रांत साचून हा सगळा पट्टा तयार झाला. कॉट्सवोल्ड्स टेकड्यांमधला प्रसिद्ध दगड तर माशाच्या अंड्यांसारख्या बारीक कणांचा असतो. तो खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कडक होतो. मी वाईची. आमचा काळा पाषाण लाव्हारसातून आलेला, पाथरवटाच्या छिन्नीला पहिल्या दिवसापासून दाद न देणारा.

पण मी पुन्हा पुन्हा जाते ती छपरासाठी. ही कौलं मातीची नाहीत, तीही चुनखडीच्याच पातळ फरश्यांची. वळचणीला सगळ्यात मोठ्या आणि रुंद, मग प्रत्येक ओळीत लहान होत होत आढ्याशी अगदी छोट्या. जड फरश्यांचा भार खाली भिंतीवर येतो, आणि खाणीतून निघालेला लहानसा तुकडाही वाया जात नाही. वरच्या कडेला भोक पाडून त्यात लाकडी खुंटी घालायची आणि फरशी रिपेवर अडकवायची, ही इथली जुनी पद्धत. ऑक्सफर्डशायरमधल्याच स्टोन्सफील्ड गावात अशा फरश्या थंडी फोडायची. शरद ऋतूत दगड काढून ओला ठेवायचा आणि कडाक्याच्या थंडीची वाट बघायची. आतलं पाणी गोठून फुगलं की दगड थराथरांनी सुटायचा. रात्री थंडी पडायला लागली की चर्चची घंटा वाजवायचे आणि गाव उठून दगड उघडे करायला धावायचं. आपल्याकडे पहिल्या पावसाला पेरणीची जी लगबग होते, तीच मला आठवली.

1871 मध्ये विल्यम मॉरिस यांनी चित्रकार रोझेटी यांच्यासोबत हे घर भाड्यानं घेतलं. मॉरिस कवी, कापडावरच्या आणि भिंतीच्या कागदावरच्या नक्षीचे मोठे कारागीर. माशाचे खवले किंवा पक्ष्याची पिसं पाहून होतो तसाच आनंद या छपराची शिस्त पाहून होतो, असं त्यांनी लिहून ठेवलंय. 1896 मध्ये ते गेले. त्यांची कबर गावच्या चर्चच्या आवारातच आहे, आणि तिचा दगडही छपरासारखाच दोन्हीकडे उतरता आहे.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या आराखड्यावर उभा राहिला, ते सर गिल्बर्ट स्कॉट ट्यूक्सबरीच्या प्राचीन चर्चचा जीर्णोद्धार करणार होते. जुनं खरवडून 'मुळात असं असेल' अशा रूपात नवं करायचं, ही तेव्हाची रीत. 1877 मध्ये मॉरिसनी त्याविरुद्ध एका साप्ताहिकात पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. राजाबाई टॉवर मला मनापासून आवडतो. तरी या भांडणात मी मॉरिसच्या बाजूची. जुन्या भिंतीची रोज थोडी काळजी घ्यावी, तिला तरुण करायला जाऊ नये, हे त्यांचं म्हणणं होतं.

आज हे घर ग्रेड वन, म्हणजे संरक्षणाच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत आहे. इंग्लंडच्या यादीतल्या नोंदींपैकी जेमतेम अडीच टक्के या श्रेणीत येतात. संरक्षण नुसत्या दर्शनी भागाला नसतं, आतला जिना आणि दारंही त्यात येतात. परवानगीशिवाय वास्तूचं रूप बदललं तर तो फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परवा मी एका कोपऱ्यात भिंतीजवळ वाकून दगडांचे सांधे बघत होते. दोन दगडांमधला चुना फिकट, भुरभुरीत, नख लागलं तर खूण उमटेल असा. तिथल्या स्वयंसेवक आजीबाई शेजारी येऊन म्हणाल्या, "तो दगडापेक्षा मऊच असायला हवा." भिंतीत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. झिजला तर चुना झिजतो, तो पुन्हा भरता येतो. सिमेंट घातलं तर ओल आत कोंडते आणि दगडच फुटायला लागतो.

माझ्या पोटात कालवलं. आमच्या वाड्याची मागची भिंत खाली दगडाची, वर विटांची. आठ वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराच्या सल्ल्यानं तिला सिमेंटचा गिलावा केला. पैसे मीच पाठवले होते. तिसऱ्या पावसाळ्यात ओल माजघरात आली. आता विटांचा भुगा पडतो आणि आई रोज तो झाडून काढते.

गाडीत बसून बाबांना फोन लावला. सिमेंट काढायचं आणि चुना भरायचा, पण त्याआधी चुन्याचं काम येणाऱ्या माणसाला भिंत दाखवायची, असं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चुन्याच्या घाणीचं दगडी चाक परसात आहे अजून. तुळशीमागे. आजोबांनी टाकू दिलं नव्हतं." मेणवलीकडे चुन्याचं काम येणारे एक गवंडी आहेत म्हणे. रविवारी बाबा त्यांच्याकडे जाणार आहेत.