क्रॅश गार्ड घासला गेलाय? आधी बोल्ट बघा, मग रंग

बाइक आडवी झाली की नजर थेट ओरखड्यांवर जाते. क्रॅश गार्ड, म्हणजे पडल्यावर इंजिन वाचवणारा पाइपचा सांगाडा, घासला जाण्यासाठीच लावलेला असतो, त्यामुळे त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. खरी गडबड असली तर ती वीतभर मागे असते, माउंटिंगला, म्हणजे गार्ड जिथे बोल्टने गाडीला बसवलेला असतो तिथे.

गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा. हँडलच्या मधल्या मोठ्या नटापासून दोन्ही गार्डच्या सगळ्यांत बाहेरच्या टोकापर्यंत टेपने मोजा. चार-पाच मिलिमीटरचा फरक मुळातलाही असू शकतो. सेंटिमीटरभर निघाला, तर पाइप किंवा पट्टी वाकलेली आहे असं धरून चाला. मग वेल्डिंगचे जोड पुसून टॉर्च मारा. रंगात केसाएवढी तपकिरी रेघ दिसली तर तिथे चीर आहे. त्यावर रंग मारणं म्हणजे ती झाकणं. वाकलेला पाइप ठोकून सरळ होतो, पण त्याच जागी पुढच्या आपटीत तुटू शकतो. तो बदलायचाच.

बोल्ट काढताना एका वेळी एकच. बऱ्याच गाड्यांत गार्ड इंजिनच्याच माउंटिंग बोल्टवर बसतो, त्यामुळे इंजिनखाली जॅक आणि लाकडी ठोकळा हवाच. काढलेला बोल्ट काचेवर लोळवा. डुगडुगला की बाद. नवा घेताना डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा ताकद सांगणारा आकडा जुन्याशी जुळवा. चकचकीत दिसतो म्हणून साधा स्टेनलेस बोल्ट घालू नका, तो ताकदीला कमी पडतो. घट्ट करायचा तो टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळता येणारा पाना), सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

आता रंग. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून पक्का केलेला पावडरीचा थर) एकदा फुटलं की पाणी कडेने आत शिरतं आणि गंज वरून दिसत नसताना पसरत जातो. म्हणून ओरखड्याच्या कडेला नख लावून बघा. पापुद्रा उचलला गेला, तर कोटिंग घट्ट धरून बसलेलं लागेपर्यंत ब्लेडने खरवडा. नंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढा, २४०ने कडा उतरत्या करा, ४००ने शेवटचा हात. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. लागली तर रंगानंतर ती दुप्पट दिसेल. खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावा, तो काळा पडून पूर्ण वाळू द्या.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. थिनरने आजूबाजूचं कोटिंग मऊ पडू शकतं. सिलिकॉनवालं पॉलिश आधी कधी मारलेलं असेल तर इथे दोनदा पुसा, नाहीतर रंगात बारीक गोल खड्डे पडतात. इपॉक्सी किंवा झिंक प्रायमरचे दोन पातळ हात, त्यावर रंगाचे तीन. स्प्रे कॅन २० ते २५ सेंटिमीटर लांब, मध्ये १०-१५ मिनिटं थांबायचं. एकाच हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरड्या दिवसाची वाट बघा. गार्ड मॅट असेल तर मॅटच रंग घ्या. काळ्यावर काळा असूनही चकाकणारा डाग लांबून ओळखू येतो.

स्टेनलेसच्या गार्डला रंगाची गरज नाही. जुन्या रेघांच्या दिशेने, एकाच बाजूला स्कॉचब्राइट ओढा. साधा लोखंडी तारेचा ब्रश मात्र लांब ठेवा: त्याचे कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्याच पावसानंतर तांबूस ठिपके उठतात. इंजिनखालच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, म्हणजे बॅशप्लेटचे, धारदार कंगोरे कानशीने मोडले की काम झालं.

नायलॉनच्या स्लायडरचे (पडल्यावर रस्त्यावर घसरणाऱ्या बोंड्याचे) उचकटलेले कोंब ब्लेडने कापा. तो झिजून आतला बोल्ट नायलॉनच्या टोकाशी उघडा पडला असेल, तर पडल्यावर घासण्याऐवजी अडकायला लागेल, तेव्हा नवा बसवा. हँडगार्डच्या प्लॅस्टिकवर वाकल्याने आलेला पांढरा चट्टा हीट गनच्या लांबून दिलेल्या उबेने बराच फिका पडतो. गन हलती ठेवा.

ओरखडे लपवायला पाइपभोवती दोरी गुंडाळायची पद्धत आहे. दिसते झकास, पण पावसाचं पाणी आत दिवसेंदिवस धरून ठेवते. गुंडाळायचीच असेल तर खालचा रंग आठवडाभर कडक होऊ द्या, आणि पावसाळा संपला की एकदा सोडून बघा.