बेताफू: जिथे जीपा थांबत नाहीत

मादागास्करमधल्या आंत्सिराबे शहराहून पश्चिमेला, मुरुंदावाच्या बाओबाब झाडांकडे निघालेल्या पर्यटकांच्या जीपा बेताफूवरूनच जातात, पण थांबायचं नाव घेत नाहीत. "तिथे काय आहे बघायला?" असं लॉजवाल्यानं मलाही विचारलं होतं. अंतर जेमतेम २२ किलोमीटर, म्हणून टॅक्सी-ब्रूस धरली. ही मादागास्करची वडाप. भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. माझ्या पायाशी दोन जिवंत कोंबड्या होत्या.

जुलै म्हणजे इथला हिवाळा. बेट उष्ण कटिबंधातलं असलं तरी हा भाग उंच पठारावर आहे, सकाळी हात खिशातून काढवत नाहीत. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. भात कधीच निघालेलं, काही खाचरांत बटाटा आणि जव, आणि काहींत चक्क विटा पाडायचं काम. खाचरातलीच माती खणायची, साच्यात थापायची, वाळवायची आणि तिथेच भट्टी लावायची. जळण भाताच्या तुसाचं. म्हणजे एकाच खाचरातून जेवणही निघतं आणि घरही. सगळं गाव त्यामुळे मातीच्याच लाल रंगाचं. घरं अरुंद, दुमजली. दारं-खिडक्या शक्यतो पश्चिमेला. पूर्वजांपासूनची रीत म्हणतात, पण आग्नेयेचा बोचरा वारा अंगावर घेतल्यावर मला त्यात निव्वळ शहाणपण दिसलं.

नॉर्वेच्या लुथरन मिशनऱ्यांनी १८६७ साली या बेटावरचं आपलं पहिलं ठाणं इथे टाकलं. आंत्सिराबे शहर त्यानंतर वसलं. आज तिकडे हॉटेलं, इकडे बाजार.

बाजारात मात्र मी रमलो. बिडाच्या आप्पेपात्रात तांदळाच्या पिठाचे किंचित गोड मुफू गासी फुलत होते. शेजारी तांदूळवाली. तिच्याकडे तराजू नाही, माप म्हणून कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा, ‘कापुआका’. असे साधारण साडेतीन डबे म्हणजे एक किलो. खरी गंमत शिगेत होती. बाई डबा पोत्यात खुपसून वर काढते, शीग जमते, मग गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर तळहाताचा आडोसा करून ती सांभाळत पिशवीत ओतते. अनोळख्याच्या वेळी हात जरा हलतो आणि चार दाणे पुन्हा पोत्यात. माझ्या वेळी बराच हलला.

पैशांचा हिशोब तर त्याहून मजेचा. २००५ पासून अधिकृत चलन आरिआरी, पण म्हाताऱ्या बायका अजून जुन्या फ्रँकमध्ये भाव सांगतात. पाच फ्रँक म्हणजे एक आरिआरी. पाच हजार म्हणाल्या की हजार द्यायचे. लॉजवाल्यानं हे आधीच पढवून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

पोरं मागे लागली होती. गोऱ्याला ‘वाझाहा’ म्हणून हाक मारतात, माझ्या बाबतीत त्यांची पंचाईत झाली. शेवटी एकानं ‘काराना’ म्हणून निकाल लावला. भारतीय वंशाच्या लोकांना इथे तेच म्हणतात, त्यातले बहुतेक गुजराती व्यापाऱ्यांचे वंशज. मराठी माणसाची वेगळी नोंद त्यांच्या वहीत नाही, आणि ती करून द्यावी इतकी भाषा मला येत नव्हती.

दुपारी एका टपरीवजा खानावळीत जेवलो. भाताचा डोंगर, बाजूला कसावाच्या कुटलेल्या पाल्यात शिजवलेलं डुकराचं मांस, तेही चवीपुरतं. पाणी मागितलं तर कोमट, तपकिरी काहीतरी आलं. भात काढून घेतल्यावर पातेल्याला लागलेल्या खरपुडीवरच पाणी ओतून उकळतात, ते हे. करपल्याचा खमंग वास आणि तोंडात रेंगाळणारी चव. मी तीनदा मागून घेतलं, शेवटी बाईंनी किटलीच आणून ठेवली.

कुणाला जायचं असेल तर स्वेटर न्या, सुट्या नोटा न्या, आणि परतीची गाडी चारच्या आत धरा. संध्याकाळी ती भरता भरत नाही.